सलीम अलींची चिमणी आणि परवान्याचा कागद

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाने वर्गात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेलेला खंड्या आणला. पंख तसेच निळेशार होते. त्याने विचारले, "सर, यात पेंढा भरून आपल्या शाळेच्या कपाटात ठेवता येईल?" नुकताच आम्ही सलीम अलींचा धडा शिकलो होतो, त्यामुळे प्रश्न अगदी स्वाभाविक होता. मी मात्र चटकन उत्तर देऊ शकलो नाही.

सलीम अलींची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जन्म 1896 चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत त्यांना वाढवले. मुलाने एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखलेच, शिवाय कपाटांचे खण उघडून शेकडो पक्षी दाखवले. पक्ष्याचे कातडे कसे सोलायचे, कसे टिकवायचे, हे सलीम अली पुढे तिथेच शिकले.

या गोष्टीत एका कागदाचाच उल्लेख आहे, तो म्हणजे मामांची चिठ्ठी. परवाना कुणी मागितला नाही.

तेव्हा कायदे अजिबात नव्हते, असे नाही. 1887 च्या कायद्याने नगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत, विणीच्या हंगामात नुकतेच मारलेले रानपक्षी बाळगण्यावर व विकण्यावर बंदी आणता येत होती. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी आपल्याकडच्या पक्ष्यांची पिसे जहाजे भरून जात होती. 1902 मध्ये सरकारने ती निर्यात थांबवली. पण त्या बंदीतून निसर्ग-अभ्यासाचे नमुने वगळले होते. 1912 च्या कायद्यातही शास्त्रीय संशोधनासाठी परवाना देण्याची सोय होती. व्यापारासाठी मारणे वेगळे आणि ज्ञानासाठी मारणे वेगळे, हा फरक सरकारने सुरुवातीपासून धरला होता.

त्या सवलतीचा सलीम अलींनी पुरेपूर उपयोग केला. 1930 च्या दशकात त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि त्रावणकोरमध्ये पाहणी केली, ती बंदूक घेऊनच. अशा नमुन्यात कापूस भरतात, तो पाठीवर निजवतात आणि पायाला चिठ्ठी बांधतात: ठिकाण, तारीख, नर की मादी. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी निव्वळ शोभेची वस्तू. कोणता पक्षी कुठे आणि किती, हे अशाच नमुन्यांवरून कळत गेले. आज पक्ष्यांना वाचवणाऱ्या याद्यांच्या मुळाशी हे मारलेले पक्षी आहेत, हे कबूल करायला हवे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले. टॅक्सिडर्मीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना देताना अर्जदाराचा पूर्वानुभव पाहायचा आणि वन्यजीवांवर काय परिणाम होईल तेही पाहायचे. परवाना मिळाला तरी नोंदवह्या ठेवाव्या लागतात, त्या अधिकाऱ्यांना दाखवाव्या लागतात. संग्रहालयासाठी नमुने गोळा करायचे तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मेलेला आढळलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता ठरतो. तो ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे.

एवढा कडकपणा कशाला, असे मलाही वाटले होते. मेलेल्या खंड्याने कुणाचे काय बिघडते? पण विचार केला तर कारण साधे आहे. पेंढा भरलेल्या पक्ष्याकडे पाहून तो आपोआप मेला की गलोलीने पाडला, हे सांगता येत नाही. "सापडला होता" ही पळवाट एकदा मोकळी राहिली की प्रत्येक मारलेला पक्षी सापडलेलाच असतो.

सलीम अलींचा स्वतःचा प्रवासही त्याच दिशेने गेला. 1959 पासून सोसायटीने त्यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. त्यात पक्षी जाळ्यात पकडायचे, पायात कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. पायाला बांधायची चिठ्ठी तीच, फरक इतकाच की पक्षी जिवंत.

त्या मुलाला मी नियम समजावून सांगितला आणि आम्ही वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. तो हिरमुसला. मग त्याने वहीत खंड्याचे चित्र काढले आणि खाली लिहिले: ठिकाण, तारीख. नर की मादी, ते ओळखता आले नाही, म्हणून ती जागा त्याने कोरी सोडली. सलीम अलींच्या धड्याचा स्वाध्याय त्याने त्या दिवशी पुरा केला, असे मी मानतो.