वाट पुसण्याचा अधिकार

मध्ययुगीन नगर वसविण्याचे संगणकीय खेळ हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, असे मानणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. वर्गात बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या मनातले मध्ययुग ग्रंथांच्या आधी या खेळांनीच रंगविलेले असते. म्हणून त्यांतील एक साधी क्रिया, रस्ता आखण्याची आणि पुसण्याची, इतिहासाशी ताडून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

२०२४ साली प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झालेला 'मॅनर लॉर्ड्स' हा खेळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांतावर बेतलेला आहे. त्यात घर बांधायचे तर लाकूड लागते, ओंडके ओढायला बैल लागतो, माणसे लागतात. रस्त्याला मात्र काहीच लागत नाही. माउसने रेघ ओढली की रस्ता झाला. पुसली की गेला. १९९३च्या 'सेटलर्स' या खेळात तसे नव्हते. तिथे दोन निशाणांमधील रस्त्यावर एक हमाल उभा असे आणि रस्ता मोडला की तो कोठाराकडे परत फिरे. मोडण्याचा परिणाम निदान एका माणसाच्या चालीत दिसत असे.

'मॅनर लॉर्ड्स'मध्ये रस्त्यालगत घरांचे पट्टे आखता येतात. त्यांचे 'बर्गेज' हे नाव खरोखरच मध्ययुगातले आहे. इंग्लंडमधील अशा लांबट, अरुंद पट्ट्यांचा अभ्यास एम. आर. जी. कॉन्झेन यांनी अ‍ॅल्निक या गावाच्या आधारे १९६० साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे, की इमारती लवकर बदलतात, पट्ट्यांच्या हद्दी त्यांहून टिकतात आणि रस्त्यांची आखणी सर्वांत चिवट ठरते. लंडनच्या १६६६च्या आगीत सुमारे १३,००० घरे जळाली. ख्रिस्तोफर रेन यांनी लगोलग रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा राजापुढे ठेवला. तरीही किंग स्ट्रीटसारखे मोजके अपवाद आणि काही ठिकाणचे रुंदीकरण वगळता शहर बहुतांशी जुन्याच वाटांवर उभे राहिले. घरे राख झाली होती. जागांवरचे हक्क जळाले नव्हते.

मग मध्ययुगात रस्ते नाहीसे होतच नसत काय? होत, पण विचारून. मठाचे आवार वाढविण्यासाठी एखादी गल्ली बंद करायची असल्यास इंग्लंडमध्ये राजाचा परवाना घ्यावा लागे. त्याआधी 'आद क्वोद दाम्नुम', म्हणजे 'नुकसान काय होईल', अशी चौकशी निघे. स्थानिक लोकांना शपथेवर विचारले जाई, की ही वाट बंद झाल्यास राजाचे अथवा इतर कोणाचे नुकसान होईल काय. पुष्कळदा अर्जदाराने स्वतःच्या जमिनीतून तेवढीच लांबरुंद दुसरी वाट द्यावी, अशी अट पडे. या व्यवस्थेत बलिष्ठांना सवलत मिळत नसेल असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या वाटेने जाणाऱ्याला काही म्हणायचे असू शकते, हे तिने गृहीत धरले होते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे कळायला अवघड नाही. 'वहिवाट' या शब्दात वाट आहे, वापर आहे आणि वापराने सिद्ध होणारा हक्कही आहे. खेळात मात्र वहिवाटदार नसतो. मोकळी जमीन असते आणि एकट्याची इच्छा असते. मध्ययुग असेच होते, अशी समजूत घेऊन विद्यार्थी वर्गात आला, तर त्याचा खेळ बंद करण्याऐवजी शिक्षकाने त्याला विचारावे: तू आत्ता पुसलेल्या वाटेने रोज कोण जात होते?