चक्कर कानाची की मेंदूची?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अचानक भोवळ येऊन माणूस कोसळला की युरोपातले डॉक्टर ‘मेंदूत रक्त साकळलं’ असं धरून चालत आणि रक्त काढत. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेन्येर यांनी ठामपणे मांडलं, की हा दोष कानाचाही असू शकतो. तिथून चक्कर कानाच्या डॉक्टरांकडे गेली.

व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान पिचकारीनं धुवायचे. गार पाण्यानं रुग्णाला गरगरायचं आणि बुबुळं एका दिशेनं झटके द्यायची. गरम पाण्यानं ती दिशा उलटायची. कानाच्या नलिकांतला द्रव हलला की डोळे हलतात, हे त्यातून उमगलं. १९१४चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते.

१९८८ मध्ये सिडनीच्या हालमाजी आणि कर्थॉइस यांनी पिचकारीही बाजूला ठेवली. रुग्णानं डॉक्टरांच्या नाकाकडे एकटक पाहायचं. डॉक्टर त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून झटकन, पण थोडंसंच वळवतात. कानाची नस शाबूत असेल तर नजर नाकावरून ढळत नाही. दुखावली असेल तर डोळे डोक्याबरोबर फरफटतात आणि उडी मारून नाकावर परत येतात.

आता लहान मेंदूतला स्ट्रोक घ्या. हातपाय धड, बोलणं बहुधा स्पष्ट, फक्त उलट्या आणि न थांबणारं गरगरणं. घरचे पित्त म्हणतात. पण कानापासून डोळ्यांपर्यंतची ती थेट वाट लहान मेंदूतून जात नाही, म्हणून बहुतेकदा नजर नाकावरच टिकते. सतत गरगरणाऱ्या माणसात चाचणी निर्दोष निघणं हीच धोक्याची खूण! या साऱ्या इतिहासात मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

अमेरिकेत काटा, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डोकं वळवण्याच्या या चाचणीला आणखी दोन खुणांची जोड दिली: नजर डावी-उजवी नेताना झटक्यांची दिशा बदलणं आणि डोळे वरखाली तिरके होणं. त्यांच्या १०१ रुग्णांत या तपासणीतून मेंदूचा एकही दोष निसटला नाही. उलट सुरुवातीच्या एमआरआयनं १२ टक्के स्ट्रोक चुकवले होते. सीटी स्कॅन तर या भागात सुरुवातीला फारच कमी दाखवतो, तरी आपल्याकडे ‘सीटी नॉर्मल’ ऐकून लोक निर्धास्त घरी जातात, याची मला खरोखर काळजी वाटते. लहान मेंदू सुजला तर जिवावर बेततं.

कानाला रक्त पुरवणारी धमनीच तुंबली, तर मात्र नजर ढळते आणि दोष निव्वळ कानाचा भासतो. म्हणून पुढे या तपासणीत एक प्रश्न वाढला: एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालंय का?