शून्य चाचणी (ध्वनी प्लगइन)
शून्य चाचणी ही एखादे प्लगइन मूळ ध्वनीत कोणता बदल करते, हे तपासण्याची पद्धत आहे. किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो. म्हणून केवळ ऐकून दिलेला निर्णय फसवा ठरू शकतो. चाचणीत मूळ व प्रक्रिया केलेल्या ध्वनींपैकी एकाची ध्रुवता उलटवून दोन्हींची बेरीज करतात. ते तंतोतंत सारखे असल्यास नीरवता, अन्यथा केवळ फरक उरतो.

वेळ व पातळी काटेकोर जुळणे मात्र आवश्यक असते. पातळीत ०.१ डेसिबलची तफावत असली, तरी उरलेला ध्वनी मूळच्या सुमारे ३९ डेसिबलच खाली राहतो. ४८,००० हर्ट्झ नमुनादरावर एका नमुन्याचा विलंब झाल्यास १,००० हर्ट्झच्या सुरासाठी हे अंतर जेमतेम १८ डेसिबल भरते. तेव्हा काही ऐकू आले म्हणजे प्लगइनने ध्वनीचा पोत बदलला, असे मानणे घाईचे होय.