जर्मलचा पेला

लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा माझी आजी दोन गोष्टींना घाबरायची, ट्रामला आणि इस्पितळाला. ट्रामची भीती महिन्याभरात गेली. इस्पितळाची जायला मुदतीचा ताप यावा लागला, पण ते पुढे.

ही भीती तिला सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून, दागिन्यांबरोबर मिळाली होती. दागिने १९२८च्या संपात मोडले. भीती टिकली. पणजी प्लेगाच्या सालातली. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि चार-पाच महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी माणसं गावाकडे पळाली. त्यांत आमचे पणजोबाही होते. ते तेव्हा गिरणीत होते असं बाबा सांगायचे. आत्याच्या मते गोदीत. कुठेही असोत, बोटीने मालवणला उतरले हे नक्की. पण गावाने त्यांना घरी येऊ दिलं नाही. वेशीबाहेर आंब्याखाली खोप घालून दिली आणि पणजी रोज उकड्या तांदळाची पेज नि सुकटीची चटणी एका दगडावर ठेवून मागे वळायची. ते येऊन उचलायचे. नवराबायकोत वीस-पंचवीस पावलांचं अंतर. किती दिवस, ते दर वेळी वेगळं सांगितलं जायचं. माझ्या लहानपणापर्यंत त्याचा सव्वा महिना झाला होता.

मुंबईतून पळण्याचं कारण विचारलं तर पणजी प्लेग म्हणायची नाही, इस्पितळ म्हणायची. सोजीर येतात, बायाबापड्यांच्या काखा-जांघा चाचपतात, गाठ दिसली की गाडीत घालतात. ‘तेका नेल्यानी, तो काय परत येवक नाय,’ हे वाक्य आजी हुबेहूब सासूच्या आवाजात म्हणायची. पुढे आवाज खाली आणून, ‘थंय माणसाची मोम्याई काढत.’ मोम्याई म्हणजे माणसाला उलटं टांगून काढलेलं औषधी तेल. आम्ही पोरं गोधडीत शिरायचो. पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, ही अफवा तेव्हा अख्ख्या मुंबईत होती आणि ऑक्टोबर १८९६मध्ये हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

मला त्या माणसांना अडाणी म्हणवत नाही. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि घरात शिरायचा, माणूस उचलायचा, सामान जाळायचा अधिकार सरकारला मिळाला. ज्यांच्या हाती तो गेला त्यांना आपली भाषा कळत नव्हती, देवघर कुठे नि चूल कुठे हे कळत नव्हतं. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरं तपासली, त्याचा राग प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला. आणि त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेऊन, डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्याकडे चालत निघाल्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रोग एकच, पण पाठीवर घेणारं माणूस कोण, यावर पोरं येतात की पळतात ते ठरत असावं. आमच्या पणजीला सावित्रीबाई ठाऊक नव्हत्या. तिने फक्त सोजीर ऐकले होते.

प्लेगाने मुंबईला आणखी एक गोष्ट दिली, इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट. १८९८ला तो निघाला, कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि चाळी बांधू लागला. परळच्या पोयबावडीतली बीआयटी चाळ त्यातलीच. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं तिथेच राहायचे. आमचं बिऱ्हाड लालबागेत, पायी थोड्या अंतरावर. तरी आजी त्या बाजूला कधी गेली नव्हती. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही लहानपणी विचारलंही नाही. आता कळतं.

तिची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंक्तींत पंधरा-सोळा गिरणीवाले जेवायचे. सगळे मालवण-वेंगुर्ल्याकडचे, सगळे आपल्यातले. सोमवारी कुळथाची पिठी, बुधवारी बांगड्याचं तिखलं, पगाराच्या दिवशी सागुती. १९२८चा संप सहा महिने चालला तेव्हा हे सगळे उधारीवर जेवले, आणि दागिने मोडले ते त्यापायी. काहींनी नंतर पै न् पै फेडली. काही गावी गेले ते गेलेच. आजी त्यांची नावं घेऊन शिव्या द्यायची आणि मग म्हणायची, जाऊ दे, पोटाला तर खाल्लंनी.

त्या संपात आणखी एक प्रश्न निघाला होता, तो खानावळीच्या पंक्तीतही गाजला म्हणे. साचेखात्यात मजुरी बरी मिळायची, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण, धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला चारजणांची तोंडं लागत. एकाचा खोकला, एकाचा क्षय दुसऱ्याच्या छातीत जाईल याची फिकीर कुणाला नव्हती, फिकीर विटाळाची. बाबासाहेबांनी हे उघडपणे मांडलं. आमच्या पंक्तीत तेव्हा काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज मला आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

असो. संपानंतरच्या पावसाळ्यात आजीला ताप भरला. वैद्याचे काढे झाले, गाऱ्हाणं घालून झालं. दहाव्या दिवशी ती बरळू लागली तेव्हा आजोबांनी तिला घोडागाडीत घालून केईएमला नेलं. आजी त्याला ‘केम’ म्हणायची, शेवटपर्यंत.

या केईएमची मला मोठी गंमत वाटते. नाव एडवर्ड बादशहाचं, नकाशा गेटवे ऑफ इंडियावाल्या जॉर्ज विटेटचा, पण आतलं मन पुरतं देशी. तेव्हा जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे बहुतेक गोऱ्या, अधिकाऱ्यांकडे जात. विलायतेहून पदवी घेऊन आलेला आपला डॉक्टर हाताखाली राही. गोवर्धनदास सुंदरदास या शेठजींच्या विश्वस्तांनी महापालिकेच्या या इस्पितळाला जोडून कॉलेज काढायला पैसा दिला तो अट घालून : शिकवणारे सगळे भारतीयच हवेत. १९२६ला दोन्ही सुरू झाली. डॉ. जीवराज मेहता तिथे बरीच वर्षं डीन होते; तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि हे सगळं उभं राहिलं ते गिरणगावात, परळला. पलीकडे हाफकिनची संस्था. (तिथे औषधासाठी साप पाळतात, हे आम्हाला केईएमपेक्षा फार महत्त्वाचं वाटायचं.)

गरज केवढी होती, त्याचा एक आकडा पुरे. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. तो थोडा फुगलेला, कारण आमच्या बाया बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म तिकडे लिहिला जाई, मृत्यू इकडे. तरी आजीची पहिली दोन त्याच आसपासची. ती त्यांची नावं घेत नसे. सोळा माणसांचा स्वयंपाक नि बाळंतीण एकाच खोलीत, धूर तोच, हवा तीच.

शुद्धीवर आली तेव्हा एक तरुण डॉक्टर उशाशी उभा होता. काख चाचपेल म्हणून आजीने हात अंगाशी घट्ट धरले. त्याने विचारलं, ‘खंयची गो तू?’ आजी रडायलाच लागली. तो वेंगुर्ल्याचा निघाला की कुडाळचा, यावर घरात दोन पक्ष आहेत. मग तिने स्वतःच हात वर केला, म्हणे. पुढे इस्पितळाचं नाव निघालं की तिचं एकच, ‘डाक्तर आपलो होतो म्हणान वाचलंय.’

पण गोष्ट एवढीच असती तर आजीने ती आयुष्यभर सांगितली नसती. शेजारच्या खाटेवर पोयबावडीच्या चाळीतली एक बाई होती, तीही गिरणीतली, तीही कोकणातली. दोन दिवस आजीने तिच्याकडे पाठ केली. तिसऱ्या रात्री घशाला कोरड पडली, नर्स लांब दुसऱ्या खाटेपाशी, तेव्हा त्या बाईने उठून पाणी पाजलं. स्वतःच्या पेल्यातून. आजी प्याली. हे सांगताना ती पदर तोंडाशी धरायची, लाज कशाची ते कधी नीट कळलं नाही. नंतर आजोबांनी कडीच्या डब्यातून आणलेली पेज दोघींनी वाटून घेतली. त्या बाईला त्यात मीठ जास्त लागायचं, हेही तिला पन्नास वर्षं आठवत होतं. नाव मात्र कधी सांगितलं नाही. विचारलं नसेल.

घरी आल्यावर सगळं बदललं, असं मला लिहायला आवडलं असतं. खानावळीच्या दाराबाहेर एका खिळ्यावर जर्मलचा पेला टांगलेला असायचा. चाळ झाडायला येणाऱ्या म्हातारीला त्यात चहा वरून ओतायचा. तो पेला आजी बरी होऊन आल्यानंतरही तिथेच होता. बाबांना तो आठवायचा, म्हणजे निदान दहा-बारा वर्षं तरी होताच. मग एक दिवस दिसेनासा झाला. बाबा म्हणायचे, आजीनेच काढला आणि म्हातारीला घरातल्या पितळी पेल्यातून चहा दिला, त्यांनी स्वतः पाहिलं. आत्या म्हणायची, कसलं काय, चोराने नेला; लढाईच्या दिवसांत जर्मलला भाव आला होता.

खिळा मी पाहिलाय. आम्ही त्यावर चाळण टांगायचो.