हॅटीचं टेबल

परवा 'गॉन विथ द विंड' (१९३९) पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना नुसती स्कार्लेट दिसली होती, या वेळी नजर मॅमीवरून हलेना. गुलामगिरीतही सुखी दिसणारी मॅमी! ती साकारणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला वर्णभेदामुळे अटलांटातल्या प्रीमियरला जाता आलं नाही. १९४० साली ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण त्या रात्रीही तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

जून २०२०मध्ये एचबीओ मॅक्सने हा सिनेमा काढून टाकला आणि त्याच महिन्यात प्रास्ताविक जोडून परत आणला. मला हेच पटतं. सिनेमा कुलपात ठेवला तर त्यातलं खोटं झाकलं जाईल, पण त्याबरोबर हॅटीही पुसली जाईल. त्यापेक्षा तिचं टेबल कुठे होतं, ते आधी सांगावं. मग खुशाल दिवे मालवावेत.