लाओत्सेच्या शेजारचा व्यायामाचा तक्ता

ताओवादावर काही वाचायला घेतलं की साधारण दोन प्रकारची पुस्तकं हाती येतात. पहिल्या प्रकारात तत्त्वज्ञान असतं. ताओ म्हणजे काय, 'वू-वेइ' म्हणजे काहीच न करणं की ओढूनताणून न करणं, लाओत्से नावाचा माणूस खरंच होऊन गेला का, वगैरे. दुसऱ्या प्रकारात 'रोजच्या आयुष्यात ताओ' असतो. सकाळी दहा मिनिटं शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या, ऑफिसात पाण्यासारखे वागा. दोन्हींच्या मागे एकच गृहीतक आहे आणि ते बहुधा कुणी उघड मांडत नाही. आधी तत्त्वज्ञान तयार झालं, मग लोकांनी ते जगण्यात उतरवलं, असं ते गृहीतक. आपण विज्ञानवाले ज्याला सिद्धांत आणि उपयोजन म्हणतो, अगदी तोच क्रम.

हा क्रम पुराव्यावर टिकतो का, एवढंच आज बघायचं आहे. 'अमुक तत्त्वज्ञानाचा दैनंदिन जीवनातील उपयोग' अशी प्रबंधांची शीर्षकं आपल्याकडे सर्रास दिसतात, म्हणून हे उदाहरण संशोधनाची तयारी करणाऱ्यांच्या कामाचं आहे. सुरुवात लाओत्सेपासून न करता एका आजारी सरकारी नोकरापासून करू.

1983-84 मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात जांगज्याशान इथे 247 क्रमांकाचं थडगं उघडलं गेलं. आत बांबूच्या बाराशेहून जास्त लिखित पट्ट्या होत्या. कागद रुळायच्या आधीचा तो काळ. अरुंद पट्टीवर वरून खाली लिहायचं, पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना बांधायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करून ठेवायची. जमिनीखाली दोरा कुजतो, पट्ट्या सुट्या होतात, आणि पानांचा क्रम लावायचं काम दोन हजार वर्षांनी संशोधकांच्या गळ्यात पडतं. या पट्ट्यांमध्ये कायद्याची कलमं होती, गणिताचं एक पुस्तक होतं, शरीरातल्या वाहिन्यांवरचा मजकूर होता आणि एक पंचांगही होतं. या सामानावरून थडग्यातला माणूस खालच्या श्रेणीतला अधिकारी असावा असं दिसतं. पंचांगात त्याच्या नोकरीची एक नोंद आहे: इ.स.पू. 194 मध्ये आजारपणामुळे कामातून मुक्त. पंचांग इ.स.पू. 186 पर्यंत येऊन थांबतं.

याच माणसाच्या पुस्तकांत 'यिनशू' नावाचं एक पुस्तक सापडलं. 'यिन' म्हणजे ओढणं, ताणणं. आपण त्याला 'ताणण्याचं पुस्तक' म्हणू. सुमारे 110 पट्ट्यांचं हे पुस्तक म्हणजे शरीर हलवण्याच्या आणि श्वास सोडण्याच्या कृतींची यादी आहे. चिनी वैद्यकाच्या इतिहासकार व्हिव्हियन लो यांनी 2014 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं.

पुस्तक सुरू कशाने होतं? विश्वाच्या उत्पत्तीने नाही. वसंत ऋतूत सकाळी लवकर उठावं, लघवीला जाऊन यावं, हातपाय-तोंड धुवावं, दात साफ करावेत, केस मोकळे सोडून घरासमोर दवात फेरी मारावी आणि एक पेलाभर पाणी प्यावं. याने आयुष्य वाढतं, असं ते सांगतं. उन्हाळ्यात डोक्यावरून वारंवार पाणी घ्यावं, भाजीपाला भरपूर खावा, उशिरापर्यंत लोळू नये. हिवाळ्यात उलट, उशिरा उठलेलं चालेल. हात-तोंड गार असावं, पाय आणि अंग उबदार. कुठल्या ऋतूत स्त्री-पुरुषांनी किती वेळ एकत्र असावं हेही न लाजता सांगितलंय.

(मराठी वाचकाला इथे लगेच वाग्भटाची दिनचर्या आणि ऋतुचर्या आठवणार. साम्य आहेच. पण ऋतू सगळीकडे बदलतात आणि दात सगळ्यांनाच घासावे लागतात. तेव्हा एवढ्यावरून भारत-चीन संपर्काचा धागा कृपया काढू नका. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.)

पुढे आजारांनुसार कृती येतात आणि शेवटी थोडी उपपत्ती. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माणसं आजारी का पडतात? उष्मा, दमटपणा, वारा, थंडी, पाऊस, दव, खाण्यापिण्यातला असमतोल, आणि या सगळ्याशी जुळवून घेता न येणं. मग पुस्तक एक फरक करतं. मोठ्या घरची माणसं आजारी पडतात ती आनंद आणि रागाचा तोल गेल्यामुळे. कष्टकरी आजारी पडतात ते दमल्यामुळे, भुकेने, तहानेने. घामाने निथळत असताना तसेच गार पाण्यात उतरतात, उघड्यावर थंडीत झोपतात, अंगावर घ्यायचं भान राहत नाही. वरून, श्वास सोडून त्रास बाहेर कसा काढायचा हेही त्यांना ठाऊक नसतं, म्हणून ते जास्त आजारी पडतात आणि लवकर मरतात.

आता याकडे पुरावा म्हणून बघा. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला कुणीतरी लेखक आरोग्याचा वर्गाशी असलेला संबंध सरळ मांडतोय. उपाय म्हणून तो मजुराला विश्रांती किंवा जेवण देत नाही, श्वास देतो, हेही नोंदवून ठेवायला हवं. आजच्या 'ताण-व्यवस्थापन' कार्यशाळांवर ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी इथे बरंच काही आहे. श्वास सोडण्याचे तीन प्रकार पुस्तकात येतात. हवा कोरडी असेल तर एक, दमट असेल तर दुसरा, उकडत असेल तर तिसरा. आणि थंडी वाजत असेल तर श्वासाचं राहू द्या, अंग राबवा.

या संपूर्ण थडग्यात 'ताओ ते चिंग'ची प्रत नाही.

प्रत आहे ती दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध थडग्यात. हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे, इ.स.पू. 168 मध्ये पुरलेल्या एका सरदारपुत्राच्या थडग्यात, 1973 साली रेशमावर लिहिलेली पुस्तकं सापडली. लाओत्सेच्या ग्रंथाच्या त्यात दोन प्रती आहेत. दोन्हींत आज आपण जो उत्तरार्ध मानतो तो आधी येतो, आणि यावर विद्वानांनी भरपूर शाई खर्च केली. त्याच थडग्यात रेशमाचा आणखी एक तुकडा होता, 44 आकृत्यांचा रंगीत तक्ता. चार ओळी, प्रत्येकीत अकरा माणसं. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारे-तरुण आहेत, काही उघड्या अंगाने तर काही अंगभर कपड्यांत. कुणी हात वर ताणलाय, कुणी वाकलंय. शेजारी बारीक अक्षरात नावं: कुठे प्राण्याचं, जसं अस्वल किंवा करकोचा, कुठे दुखण्याचं, जसं गुडघेदुखी, बहिरेपणा.

तक्त्यात चित्रं आहेत पण हालचाल कशी करायची ते नाही. यिनशूमध्ये हालचाल सांगितली आहे पण चित्र नाही. दोन्हींच्या काळात वीसेक वर्षांचं अंतर. त्यामुळे अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. हे करताना सावध राहावं लागतं, कारण एकाच नावाची कृती दोन्हीकडे तीच असेल याची हमी नाही.

आता मोह होतो तो असा: लाओत्से आणि व्यायामाचा तक्ता एकाच थडग्यात, म्हणजे तत्त्वज्ञान आणि त्याचं उपयोजन एकत्र सापडलं! पण त्याच थडग्यात नकाशे होते, धूमकेतूंची चित्रं होती, घोडा कसा पारखावा यावरचं पुस्तकही होतं. एका माणसाच्या कपाटात दोन पुस्तकं शेजारी असली म्हणून एकातून दुसरं निघालं असं होत नाही. तुमच्या खोलीत गाथा आणि सेट-नेटचं गाइड शेजारी असतात, तसंच.

उलट बाजूचा पुरावाही आहे. च्वांगत्सेच्या नावावरच्या ग्रंथात, पंधराव्या प्रकरणात, अस्वलासारखं लोंबकळणाऱ्या आणि पक्ष्यासारखं अंग ताणणाऱ्या, दीर्घायुष्यासाठी धडपडणाऱ्या लोकांची फिरकी घेतली आहे. मावांगदुईच्या तक्त्यातली एक आकृती नेमक्या त्याच अस्वलाच्या नावाची. म्हणजे आपण ज्याला 'ताओवादी ग्रंथ' म्हणतो त्याचा एक लेखक, आपण ज्याला 'ताओवादी व्यायाम' म्हणतो त्याला हसत होता. आणि त्याच ग्रंथात इतरत्र 'बसून विसरणं' आणि 'मनाचा उपास' यांचं वर्णन आहे, जे पुढे ध्यानाच्या परंपरेत फार मोठं झालं. याहून जुना असा 'नेइ-ये' नावाचा छोटा पद्यग्रंथ बहुतेक अभ्यासक इ.स.पू. चौथ्या शतकात ठेवतात. त्यात शरीर ताठ ठेवून मन स्थिर करण्याची चर्चा आहे, आणि तिथेच किती खावं, राग आला तर कवितेकडे वळावं, दुःख झालं तर संगीताकडे, असलंही येतं. ध्यान आणि जेवण एकाच दमात.

मग 'आधी तत्त्वज्ञान, नंतर जगणं' ही विभागणी आली कुठून? माझ्या मते ग्रंथालयातून.

इ.स.पू. 110 मध्ये वारलेल्या सिमा तान या दरबारी इतिहासकाराने आधीच्या विचारवंतांचे सहा गट पाडले आणि त्यातल्या एका गटाला 'ताओचं घराणं' म्हटलं. लाओत्से, च्वांगत्से यांनी स्वतःला 'ताओवादी' म्हटल्याचा पुरावा नाही. लेबल नंतर चिकटलं. पुढे इ.स.पू. 26 पासून ल्यू शियांग आणि त्याच्या मुलाने बादशाही ग्रंथसंग्रहाची सूची करायला घेतली. तिच्यावर आधारलेली यादी हान राजवटीच्या इतिहासात आज वाचायला मिळते. त्यात 'ताओचं घराणं' विचारवंतांच्या विभागात आहे. वैद्यक, औषधांच्या कृती, शय्यागृहातली तंत्रं आणि अमर होण्याच्या युक्त्या मात्र वेगळ्या विभागात, शेवटी. तुमच्या विद्यापीठात ड्यूई पद्धत असेल तर आजही जाऊन बघा: ताओचं तत्त्वज्ञान 181 मध्ये, ताओ धर्म 299 मध्ये आणि अंग ताणायची पुस्तकं 613 मध्ये, कदाचित वेगळ्या मजल्यावर. आपला संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा या फडताळांनीच ठरवलेला असतो.

ताओ शब्दाचं नेमकं काय करायचं यावर एक भांडण आपल्या ओळखीच्या माणसाचंही आहे. शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा. तो चीनला परतल्यावर 647 मध्ये बादशहाने त्याला लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतमध्ये करायला सांगितला; कामरूपच्या राजाला तो हवा होता. सोबतच्या ताओवादी पंडितांचं म्हणणं, 'ताओ'साठी 'बोधि' घ्या. ह्युएनत्संग अडून बसला: 'मार्ग'च. बोधि म्हटलं की ती पोचण्याची अवस्था होते, मार्ग म्हटलं की चालण्याची वाट राहते. बौद्ध शब्द ताओवाद्यांच्या हाती जाऊ नये हा त्याचा हिशोब होताच, पण नुसत्या शब्दार्थाने बघितलं तरी मला त्याची बाजू पटते.

फडताळं पुन्हा जोडली गेली ती ताओच्या संघटित धर्मात. 735 मध्ये वारलेला सिमा चंगजन हा तांग काळातला आचार्य 'बसून विसरण्या'वर ग्रंथ लिहितो आणि त्याच्या सात पायऱ्या लावतो. श्रद्धा, मग संबंध तोडणं, मग मन गोळा करणं. चौथी पायरी आहे 'कामं कमी करणं'. काय गरजेचं आहे आणि काय नुसतं मागे लागलंय ते तपासून दुसरं सोडून द्यायचं. याच माणसाने श्वास आणि प्राणशक्तीच्या साधनेवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे च्वांगत्सेचा शब्द आणि यिनशूसारख्या पुस्तकांतलं शरीर हजारएक वर्षांच्या आत एका टेबलावर आले, पण ते कुणीतरी जाणीवपूर्वक आणले म्हणून.

आज ज्याला 'ताओवादी ध्यान' म्हणून मांडलं जातं त्याचा चेहरा मात्र बराच अलीकडचा आहे. ज्यांग वेइच्याओ (1873-1958) हा क्षयाने आजारी असलेला तरुण 1900 च्या सुमारास बसण्याच्या साधनेकडे वळला आणि बरा झाला, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. पुढे तो नव्या प्रजासत्ताकाच्या शिक्षण खात्यात अधिकारी झाला. 1914 मध्ये शांघायहून त्याचं 'शांत बसण्याची पद्धत' प्रसिद्ध झालं आणि खूप खपलं. त्यात त्याने जुनी गूढ परिभाषा ठरवून बाजूला ठेवली. बेंबीखालच्या जागेला परंपरेत 'दान-त्येन' म्हणतात. त्याऐवजी तो 'गुरुत्वमध्य' म्हणतो, हो, आपल्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातलाच. यात त्या वेळी जपानमध्ये गाजत असलेल्या ओकादा तोराजिरो यांच्या बसण्याच्या पद्धतीचा प्रभाव होता. शब्द बदलल्यामुळे ती साधना शाळामास्तर आणि कारकून यांच्या हाती देता आली, घरात, कामावर जायच्या आधी करण्याजोगी. जुन्या शब्दांसोबत त्यांचा गुरू, दीक्षा आणि देवताही गेल्या.

चार वर्षांनी, 1918 मध्ये, त्याने पुढचा भाग काढला तो चक्क बौद्ध त्येनताय परंपरेवर आधारलेला. आणि ऐंशी ओलांडल्यावर, 1954 मध्ये, आणखी एक छोटं पुस्तक. चार्ल्स लुक यांच्या 1964 च्या चिनी ध्यानावरच्या इंग्रजी पुस्तकातून ते पाश्चात्त्य वाचकांपर्यंत गेलं. त्याच्या चिनी शीर्षकात 'शांत बसणं', 'आरोग्य' आणि 'प्रयोग' हे शब्द आहेत. 'ताओ' हा शब्द त्यात नाही.