पेढीवरचा कन्फ्यूशियस

धर्म आणि अर्थ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न भारताला नवा नाही. चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान मिळाले, तरी अर्थार्जनात गढलेल्या माणसाकडे किंचित संशयाने पाहण्याची वृत्ती येथे टिकून राहिलीच. चिनी परंपरेतही असाच पेच होता. तो सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न मात्र चीनमध्ये न होता, चिनी विद्येवर पोसलेल्या जपानात झाला. त्या प्रयत्नाचे नायक होते शिबुसावा एइइची.

कन्फ्यूशियसची वचने त्याच्या शिष्यपरंपरेने 'लुन यू' या ग्रंथात संकलित केली. जपानात हाच ग्रंथ 'रोंगो' या नावाने ओळखला जातो. तोकुगावा राजवटीत तो प्रामुख्याने राज्यकर्त्यांचा नीतिग्रंथ होता. समाजाची उतरंड लावताना योद्धा पहिला, मग शेतकरी, नंतर कारागीर आणि अखेरीस व्यापारी, असा क्रम मानला जाई. पैशाला हात लावणे सामुराईला कमीपणाचे वाटे, आणि ज्याला पैसा हाताळावाच लागे त्या व्यापाऱ्याकडून कोणी नीतीची अपेक्षाही करीत नसे. नीती एकीकडे आणि संपत्ती दुसरीकडे, अशी ही फाळणी होती.

शिबुसावांचा जन्म १८४० साली आजच्या साइतामा प्रांतातील एका सधन शेतकरी घरात झाला. घरी नीळ तयार करण्याचा व रेशमाच्या किड्यांचा धंदा होता. त्यामुळे बाजारभाव आणि 'रोंगो' या दोहोंचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले. तरुणपणी त्यांनी परकीयांविरुद्ध सशस्त्र उठावाचा बेत रचला आणि तो सोडूनही दिला. पुढे १८६७ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी गेलेल्या जपानी शिष्टमंडळात त्यांची निवड झाली. अनेकांच्या लहान लहान ठेवी एकत्र करून बँका व रेल्वे कशा उभ्या राहतात, हे त्यांनी तेथे पाहिले. त्याहूनही त्यांच्या मनात ठसले ते हे, की तेथे लष्करी अधिकारी आणि पेढीवाला एकमेकांशी बरोबरीच्या नात्याने बोलत होते.

मायदेशी परतल्यावर ते अर्थखात्यात मोठ्या पदावर चढले. १८७३ साली ते पद सोडून त्यांनी जपानच्या पहिल्या आधुनिक बँकेचा कारभार हाती घेतला. पैशाच्या मोहाने सरकारी सेवा सोडलीत, असे एका मित्राने बोलून दाखविले, तेव्हा आपण 'रोंगो'च्याच आधाराने व्यापार करू, असे उत्तर त्यांनी दिले. कन्फ्यूशियसने संपत्तीचा धिक्कार केलेला नसून अन्यायाने मिळविलेल्या संपत्तीचा धिक्कार केला आहे, असा त्यांचा अर्थ होता. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोंगो तो सोरोबान' या ग्रंथात हीच भूमिका मांडलेली आहे. सोरोबान म्हणजे मणी सरकवून हिशेब करण्याची चौकट. नीतीवाचून नफा टिकत नाही आणि नफ्यावाचून नीती दुबळी राहते, हे त्या ग्रंथाचे सार.

हा विचार केवळ उपदेशापुरता राहिला नाही. मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांना उद्योगावर एका माणसाची सत्ता हवी होती. शिबुसावांचा आग्रह अनेकांच्या भांडवलाचा व अनेकांच्या लाभाचा होता. सुमारे ५०० कंपन्यांच्या उभारणीत त्यांचा हात होता, तरी आपल्या घराण्याचे औद्योगिक साम्राज्य त्यांनी उभारले नाही. तोक्योतील अनाथ व निराधारांच्या संस्थेची धुरा मात्र त्यांनी मृत्यूपर्यंत वाहिली.

या कथेचा एक धागा मुंबईशीही जुळतो. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. मुंबईचा कापूस व सूत पूर्वेकडे नेणाऱ्या ब्रिटिश जहाज कंपनीचे भाडे दोन्ही देशांच्या व्यापाऱ्यांना जाचक झाले होते. टाटा व शिबुसावा यांची बोलणी झाली, आणि त्याच वर्षी निप्पोन यूसेन कंपनीची जहाजे कोबे व मुंबई यांच्या दरम्यान धावू लागली. प्रतिस्पर्धी कंपनीने भाडे कमालीचे उतरविले, तरी जपानी गिरणीवाल्यांच्या संघाने आपला माल याच जहाजांनी आणण्याचा करार पाळला. स्वस्त भाड्याच्या मोहाविरुद्ध दिलेला शब्द टिकला, म्हणून तो मार्गही टिकला. टाटांची स्वतःची जहाजे मात्र त्या दरयुद्धात फार काळ तग धरू शकली नाहीत.

पण हिशेबाच्या वहीला दुसरी बाजूही असते. शिबुसावांच्या पुढाकाराने ओसाकात निघालेली कापडगिरणी १८८६ पासून विजेच्या दिव्यांवर रात्रपाळीत चाले, आणि ती चालविणाऱ्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा होता. कामगारांच्या संरक्षणासाठी कारखाना कायद्याची चर्चा निघाली, तेव्हा तो अकाली आहे, असे शिबुसावांचे मत पडले. तो कायदा १९११ साली मंजूर झाला. १९१९ साली मालक व मजूर यांच्यात सलोखा राखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेत शिबुसावा अग्रभागी होते. पण गिरणीतल्या कितीतरी रात्री तोवर सरून गेल्या होत्या. स्वतःच्या भागीदारांना लावलेले न्यायाचे माप यंत्रावर उभ्या असलेल्या मुलीला लावण्यास त्यांना उशीर झाला.

शिबुसावा १९३१ साली निवर्तले. जुलै २०२४ मध्ये जपानने दहा हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचे चित्र छापले, आणि नीतिमान उद्योजक म्हणून त्यांचा गौरव झाला. परंतु हा चेहरा नोटेवर प्रथमच आला असे नाही. १९०२ साली त्यांच्या बँकेने कोरियात चालविलेल्या नोटांवरही तोच होता, आणि कोरियाच्या स्मृतीत त्या नोटा परकीय वर्चस्वाची खूण म्हणून राहिल्या आहेत. 'रोंगो'ची शिकवण व्यवहारात किती उतरली, हे पाहू इच्छिणाऱ्याने या दोन्ही नोटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.